ब्रेनट्रीच्या शेतकऱ्याची वाटणी

मंडळी, आज ज्या माणसाविषयी बोलणार आहे त्याचं नाव जॉन अ‍ॅडम्स. अमेरिकेचे दुसरे राष्ट्राध्यक्ष झाले ते हे नव्हेत. हे त्यांचे वडील. मॅसॅच्युसेट्समध्ये, बॉस्टनच्या दक्षिणेला दहाएक मैलांवर ब्रेनट्री नावाचं गाव होतं, तिथले हे शेतकरी. उन्हाळाभर शेती आणि बर्फ पडू लागला की घरात बसून जोडे शिवायचे. तरुणपणी गावच्या मिलिशियात, म्हणजे गावकऱ्यांच्या फौजेत, लेफ्टनंट होते, पुढे चर्चचे डीकन म्हणजे कारभारी झाले, आणि वर्षानुवर्षं गावच्या पंचांत निवडून येत राहिले. बापलेकांचं नाव एकच असल्यामुळे घोटाळा नको, म्हणून मी वडिलांना डीकन म्हणेन आणि मुलाला जॉन.

२५ मे १७६१ रोजी डीकन गेले. ब्रेनट्रीत त्या वेळी इन्फ्लुएन्झाची साथ होती, वयही सत्तरीला टेकलं होतं. पुढे कधीतरी वकील मुलाने वडिलांच्या मृत्युपत्राच्या नकलेवर एक शेरा लिहून ठेवला. त्याचा मतलब असा: मृत्युपत्र करणारा कॉलेजात गेलेला नव्हता, तरी चांगला शिकलेला आणि कर्तबगार होता, वीस वर्षं गावचा बहुतेक कारभार त्याच्याच हातून झाला, जिथे जिथे त्याला ओळखत तिथे त्याला मान होता, मात्र ओळखत ते फार लांबपर्यंत नव्हे, कारण त्याच्या आयुष्याचा परीघच लहान होता. बापावर निस्सीम माया असलेल्या मुलाने हे लिहिलंय, आणि लिहिताना वकिलाची सवय काही सुटलेली नाही. स्तुती करायची, पण मापात.

या डीकनच्या वाटणीवर तासभर बोलावं असं त्यात काय आहे? तीन मुलगे, विधवा बायको, दोन घरं, थोडी जमीन. त्या काळच्या हजारो शेतकऱ्यांची गत हीच. माझं म्हणणं एवढंच आहे की वाटणी मृत्युपत्रात होते असं आपण धरून चालतो, आणि न्यू इंग्लंडच्या, म्हणजे मॅसॅच्युसेट्स आणि आसपासच्या वसाहतींतल्या, शेतकऱ्याच्या बाबतीत ते खरं नाही. तिथे वाटणी बाप हयात असताना वीस-पंचवीस वर्षं चाललेली असते. कुणाला शाळा, कुणाला धंदा, कुणाला लग्नात गाय. मृत्युपत्र हे त्या खात्याचं शेवटचं पान. ते एकटंच वाचलं तर अन्याय वाटतो. मागची पानं उलटली की हिशोब लागतो.

आधी कायदा बघू, कारण बापाचे हात कुठे मोकळे होते आणि कुठे बांधलेले होते हे त्याशिवाय कळणार नाही. मिताक्षरेत, म्हणजे जुन्या हिंदू वारसा-कायद्यात, वाढलेल्या आपल्या मनात वडिलोपार्जित जमिनीवर मुलाचा हक्क जन्मापासून असतो. इंग्रजी कायद्यात तसं काही नाही. जिवंत बापाला वारस नसतोच. जमीन त्याची, विकेल, देईल, न देईल. १५४० च्या कायद्यापासून इंग्लंडमध्ये जमीन मृत्युपत्राने देता येऊ लागली होती. आणि मृत्युपत्र न करताच माणूस मेला, तर सगळी जमीन थोरल्या मुलाची. धाकट्यांनी फौजेत जावं, चर्चमध्ये जावं, शहरात जाऊन धंदा शिकावा.

मॅसॅच्युसेट्समध्ये गेलेल्या प्युरिटन लोकांना हे पटलं नाही. १६४१ मध्ये वसाहतीने हक्कांची एक सनद मंजूर केली. तिच्यात लिहिलं की मृत्युपत्राशिवाय कुणी मेला तर थोरल्याला दुहेरी वाटा मिळेल, आणि मुलगे नसतील तर मुली वारस होतील. दुहेरी वाटा आला कुठून? थेट बायबलमधून. बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या एकविसाव्या अध्यायात मोशेचा नियम आहे: थोरल्याला दुप्पट. म्हणजे तीन मुलगे असतील तर चार भाग पाडायचे, दोन थोरल्याचे, एकेक बाकीच्यांचा. १६९२ च्या कायद्याने हे आणखी नीट बसवलं. विधवेला जंगम मालाचा तिसरा हिस्सा कायमचा, स्थावराचा तिसरा हिस्सा हयातीपुरता, आणि उरलेल्यात सगळी मुलं, मुलीसुद्धा, थोरल्याला दुहेरी.

धर्म हे कारण झालंच, पण एकट्या धर्माने एवढं होत नाही. इंग्लंडमध्ये जमीन थोडी आणि हात पुष्कळ; इथे उलटं होतं. झाडं तोडायची, बुंधे उपटायचे, दगड वेचून बांध घालायचे, आणि मजूर तर मिळत नाही. शेतकऱ्याचं खरं भांडवल म्हणजे त्याचे मुलगे. पंधरा वर्षं ज्याने दगड उचलले त्याला एक दिवस हात हलवत घालवून देणं बापाला परवडणारं नव्हतं. तो आधीच निघून गेला असता.

हा कायदा लंडनला मान्य होता का, यावरून एक प्रसिद्ध खटला झाला. त्याकडे एक वळसा घेतो, कारण त्यात माणसाचा स्वभाव मोठा छान दिसतो. मॅसॅच्युसेट्सचे सुरुवातीचे गव्हर्नर विन्थ्रॉप, त्यांचे नातू वेट विन्थ्रॉप १७१७ मध्ये मृत्युपत्र न करता वारले. मागे एक मुलगा जॉन आणि एक मुलगी अ‍ॅन, म्हणजे टॉमस लेचमिअरची बायको. कनेक्टिकटमधल्या जमिनीत तिथल्या कायद्याने भावाचे दोन भाग, बहिणीचा एक. भावाला तो एकही द्यायचा नव्हता. तो तडक लंडनला गेला, प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे वसाहतींची अपिलं ऐकणाऱ्या राजाच्या मंडळापुढे, उभा राहिला, आणि १७२८ मध्ये निकाल मिळवला की कनेक्टिकटचा कायदा इंग्लंडच्या कायद्याविरुद्ध आहे, सबब रद्द. जमीन सगळी थोरल्याची. एका घरच्या भांडणापायी अख्ख्या वसाहतीतल्या शेतकऱ्यांच्या खातेफोडी धोक्यात आल्या! दोन-तीन पिढ्यांच्या वाटण्या ज्या कायद्यावर झालेल्या, तोच नाही म्हटल्यावर कुणाचं शेत कुणाचं? पुढे १७३८ मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या अशाच खटल्यात कौन्सिलने उलट कौल दिला, १७४५ मध्ये कनेक्टिकटच्या दुसऱ्या खटल्यातही वसाहतीचीच बाजू तरली, आणि जुनी रीत टिकली. जॉन विन्थ्रॉप मात्र परत फिरकला नाही. रॉयल सोसायटीचा सभासद होऊन इंग्लंडमध्येच राहिला आणि तिथेच वारला. बहिणीला वाटा द्यायचा टाळायला गेलेला माणूस जमिनीपासून तीन हजार मैलांवर मेला.

आता अ‍ॅडम्सांच्या घरात येऊ. डीकनचे पणजोबा हेन्री अ‍ॅडम्स हे इंग्लंडमधल्या सॉमरसेटहून आले. घरातल्या दहा माणसांच्या हिशेबाने त्यांना चाळीस एकर जमीन मिळाली होती. १६४६ मध्ये ते गेले तेव्हा शेजाऱ्यांनी मालमत्तेची यादी केली, ती भरली ७५ पौंड १३ शिलिंग. त्यात घर, धान्याचं कोठार, गाय, कालवड, डुकरं, एक चांदीचा चमचा आणि काही जुनी पुस्तकं. हेन्रींनी मृत्युपत्रात ती पुस्तकं सगळ्या मुलांत वाटून घ्या असं लिहिलं. जमीन, गुरं, भांडीकुंडी यांच्यासाठी ठरावीक माणसं. पुस्तकं मात्र सगळ्यांची. मूठभर पुस्तकांची नऊ जणांत वाटणी कशी केली असेल कोण जाणे, पण घराण्याचा कल त्या एका ओळीत दिसतो.

दोन पिढ्या उलटल्या. डीकनचे वडील जोसेफ. त्यांचा मुलगाही जोसेफ. त्याला त्यांनी हार्वर्डला धाडलं. तो १७१० मध्ये पदवीधर झाला, न्यू हॅम्पशायरातल्या न्यूइंग्टनला पाद्री झाला आणि तिथेच आयुष्यभर राहिला. डीकन शेतीत राहिले. म्हणजे थोरल्याला शिक्षण आणि मागच्यांना जमीन ही घरातली वहिवाट डीकनने स्वतःच्या अंगावर अनुभवली होती. ती त्यांना खटकली नसावी, कारण स्वतःचा पहिला मुलगा जन्मायच्या आधीपासून त्यांनी ठरवून टाकलं होतं की तो कॉलेजात जाईल.

मुलाचा विचार वेगळा होता. जॉनने म्हातारपणी आत्मचरित्रात हा प्रसंग रंगवून सांगितलाय. शाळेला कंटाळलेल्या पोराने सांगितलं, मला शेतकरी व्हायचंय. डीकन म्हणाले, बरं, दाखवतो तुला शेतकरी होणं म्हणजे काय. दुसऱ्या दिवशी त्याला खाडीकाठी छपराचं गवत कापायला घेऊन गेले. दिवसभर चिखल, पाणी, ओझी. संध्याकाळी घरी आल्यावर विचारलं, काय जॉन, झालं का समाधान? पोरगं म्हणालं, मला तर फार आवडलं. बाप म्हणाला, तुला आवडलं असेल, मला नाही आवडलं. उद्यापासून शाळेत जायचं. वादविवाद संपला. जॉन १७५१ मध्ये हार्वर्डला गेला, १७५५ मध्ये बाहेर पडला. डीकन जमीन जोडणारे होते, मोडणारे नव्हते; १७२० मध्ये एक घर आणि शेत घेतलं, १७४४ मध्ये शेजारचं दुसरं घर घेतलं. त्यांनी आयुष्यात जमीन एकदाच विकली, दहा एकर, आणि ती या मुलाच्या कॉलेजासाठी.

हे दहा एकर लक्षात ठेवा, कारण डीकनचं मृत्युपत्र त्यांच्यापासून सुरू होतं. १७६१ मध्ये मुलगे तीन: जॉन पंचविशीतला, पीटर बॉयल्स्टन त्याच्याहून तीन वर्षांनी लहान, एलिह्यू त्याहूनही लहान. कायद्याच्या हिशेबाने मृत्युपत्र नसतं तर जॉनला दोन भाग मिळाले असते. डीकननी मृत्युपत्र केलं आणि थोरल्यालाच भावांपेक्षा कमी दिलं, कॉलेजचं शिक्षण हा त्याचा वाटा धरून. जॉनच्या वाट्याला १७४४ मध्ये घेतलेलं ते धाकटं घर, कोठार आणि सुमारे चाळीस एकर: दहा घराला लागून, बाकी फळबाग, कुरण, रान आणि दलदल. मूळ घर, ज्यात तिन्ही मुलं जन्मली, ते भोवतालच्या शेतासकट पीटरला. एलिह्यू गावाच्या दक्षिणेकडच्या भागात शेती करू लागला.

बघा, हार्वर्डची चार वर्षं या माणसाने जमिनीत मोजली. आपल्याकडे शिकलेल्या भावाला वाटणीच्या वेळी ‘तुझ्यावर किती खर्च झाला’ असं बोलणारे पुष्कळ असतात, पण तो टोमणा असतो. कागदावर त्याची वजावट करून दाखवणारा बाप मी तरी पाहिलेला नाही. ही मला त्या सगळ्या कागदातली सर्वांत न्याय्य गोष्ट वाटते. पीटर आणि एलिह्यूने शेतात राबून जे पिकवलं त्यातूनच थोरल्याची फी गेली होती. डीकनला ते माहीत होतं. जॉनने याबद्दल तक्रार केल्याचं मला कुठे आढळलं नाही, आणि हा माणूस डायरीत बारीकसारीक अपमानसुद्धा टिपून ठेवणारा होता.

‘रान आणि दलदल’ असं मी पटकन म्हणून गेलो, त्यावर थोडं थांबतो. एकराच्या आकड्यावरून तिथली वाटणी कळत नाही. शेतकऱ्याला नांगरायची जमीन लागते, चराईचं कुरण लागतं, हिवाळाभर गुरांना पुरेल इतकं वाळकं गवत लागतं आणि चुलीसाठी रान लागतं. मॅसॅच्युसेट्सच्या हिवाळ्यात एकेका घराला जळणाचे ढीगच्या ढीग लागायचे. रान नसलेल्याचं घर थंडीत उभं राहत नसे. ब्रेनट्रीसारख्या किनाऱ्याच्या गावात खाजणातलं खारं गवत फार मोलाचं: पेरावं लागत नाही, भरतीचं पाणी त्याला दरवर्षी पोसतं. आता बापाला तीन संसार उभे करायचे तर प्रत्येकाला या चारही प्रकारांतलं थोडं थोडं द्यायला हवं. म्हणून त्या काळची मृत्युपत्रं वाचताना एकाच मुलाच्या नावावर इथे चार एकर, तिथे अर्धं कुरण, पलीकडे रानाचा तुकडा असं येतं. बापाने वेड्यासारखी विखुरणी केली असं वाटतं. वास्तविक त्याने विचार करून तीन पूर्ण शेतं रचलेली असतात. दलदलीचा तुकडासुद्धा कुणाच्या माथी मारलेला नसतो. त्यात गवत असतं, नाहीतर देवदाराची लाकडं तरी असतात.

आणि जमीन नावावर आली की आणखी एक गोष्ट यायची. १६९१ च्या सनदेप्रमाणे वर्षाला चाळीस शिलिंग उत्पन्नाची जमीन असली की माणसाला वसाहतीच्या निवडणुकीत मत. बापाच्या घरी राबणारा पंचवीस वर्षांचा मुलगा गावात कुणी नसतो. वाटणीनंतर तो सभेत बोलायला उभा राहू शकतो.

हे हातात असल्यामुळेच बाप जमीन लवकर सोडत नसत. मॅसॅच्युसेट्सच्याच उत्तरेला अँडोव्हर नावाचं गाव आहे, तिथल्या पहिल्या पिढ्यांचे कागद फार बारकाईने तपासले गेलेत. बाप मुलाला शेतावर घर बांधू द्यायचा, पेरू द्यायचा, लग्न करून संसार थाटू द्यायचा, खरेदीखत मात्र करून द्यायचा नाही. मुलगा तिशी-चाळिशीचा, स्वतः चार पोरांचा बाप, तरी कागदोपत्री बापाच्या मेहेरबानीवर. तिथल्या दुसऱ्या पिढीतले मुलगे सरासरी सव्वीस-सत्तावीसाव्या वर्षी लग्न करत, त्याच्यामागे हेच. हयातीत जमीन दिलीच तर मुलाकडून लिहून घेत: आम्हा दोघांना मरेपर्यंत अन्न, लाकूड, निवारा देशील. पोटच्या पोराकडून बंधपत्र! यात प्रेमाचा अभाव होता असं मला वाटत नाही. म्हातारपणाची दुसरी सोय नव्हती, आणि दिलेली जमीन परत मागता येत नाही हे सगळ्यांनी शेजारीपाजारी पाहिलेलं असायचं. पुढे तिसऱ्या-चौथ्या पिढीत अँडोव्हरमध्ये वाटायलाच काही उरलं नाही. मग बाप एका मुलाला शेत द्यायचा, बाकीच्यांना धंदा शिकवायचा, नाहीतर लांब कुठे नव्या वसतीत जमीन घेऊन द्यायचा. न्यू हॅम्पशायरमधलं काँकॉर्ड १७२५ नंतर वसलं ते अँडोव्हर आणि हॅव्हरिलहून गेलेल्या अशाच लोकांनी.

आता विधवा. इथे मृत्युपत्रांची भाषा एकदम बदलते. मुलाला जमीन देताना बाप चार ओळींत आटपतो; बायकोची सोय लिहायला बसला की पानभर लिहितो. पूर्वेकडची खोली तिची. तळघरात तिच्या सामानाला जागा. विहिरीवर जाण्या-येण्याची वाट. भट्टीत पाव भाजायचा हक्क. बागेतली अमुक सफरचंदाची झाडं. एक गाय, तिचा हिवाळी-उन्हाळी चारा मुलाने पुरवायचा. मका, राय, डुकराचं मांस, सायडर, इतकं इतकं दरसाल. जळण तोडून, फोडून, तिच्या दाराशी आणून टाकायचं. चर्चला जायला घोडा. आणि या सगळ्याच्या शेवटी बहुधा एक अट: ती माझी विधवा म्हणून राहील तोवर.

ज्या बाईने तीस वर्षं ते घर चालवलं तिला स्वतःच्याच विहिरीवर जायची लेखी परवानगी लागावी, हे वाचून पहिल्यांदा संताप येतो. पण हे कागद पुष्कळ वाचल्यावर माझं मत थोडं बदललं. नवऱ्याला ठाऊक असायचं की घरात आता सून येणार, भट्टी तिच्या ताब्यात जाणार. ‘मुलाने आईला सांभाळावं’ एवढंच लिहिलं असतं तर कोर्टात उभं राहून मागायला तिच्याकडे काही नसतं. ‘जळण दाराशी’ असं लिहिलं म्हणजे ते अंगणाच्या टोकाला टाकून चालत नाही. अविश्वास आहे खरा. तो मुलावरचा आहे आणि बायकोच्या बाजूचा आहे. शिवाय नवऱ्याने हात आखडता घेतला तर मृत्युपत्र नाकारून कायद्याचा तिसरा हिस्सा मागण्याची मुभा तिला होती. १६४१ च्या सनदेतसुद्धा, बायकोला पुरेसं ठेवलं नसेल तर तिची दाद लागेल असं कलम आहे. तो तिसरा हिस्सा पाडायला पंच नेमत, आणि ते घराचासुद्धा पाडत: अमुक खोली, अर्धं तळघर, जिन्याने वर जायचा हक्क. भिंत नसलेल्या घरातून हद्द जायची. डीकनच्या विधवा सुझॅना यांनी १७६६ मध्ये जॉन हॉल नावाच्या गृहस्थांशी पुनर्विवाह केला आणि पुष्कळ जगल्या. १७९७ च्या एप्रिलमध्ये त्या वारल्या तेव्हा मुलाला राष्ट्राध्यक्ष होऊन महिना-दीड महिना झाला होता.

वाटणीत जमीन, घर, गाय येते तशी त्या काळी माणसंही येत, हे सांगितल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. दक्षिणेत तर ते उघड होतं. व्हर्जिनियात ऑगस्टीन वॉशिंग्टन १७४३ मध्ये वारले तेव्हा अकरा वर्षांच्या जॉर्जच्या वाट्याला एक शेत आणि दहा गुलाम आले. पण मॅसॅच्युसेट्सच्या यादीतही, खाटेच्या आणि बैलजोडीच्या मधे, नाव आणि किंमत असलेला माणूस आढळतो. बॅरे गावचा जेम्स कॉल्डवेल हा शेतकरी १७६३ मध्ये मृत्युपत्र न करता मेला. त्याच्याकडे क्वॉक वॉकर नावाचा एक गुलाम मुलगा होता. पंचवीस वर्षांचा झालास की तुला मोकळं करीन, असं कॉल्डवेलने त्याला तोंडी सांगितलेलं. वाटणीत क्वॉक विधवेच्या तिसऱ्या हिश्शात गेला. विधवेने नॅथॅनियल जेनिसन नावाच्या माणसाशी लग्न केलं, काही वर्षांनी ती वारली, आणि तोंडी वचन जेनिसनला मान्य नव्हतं. १७८१ मध्ये क्वॉक पळून कॉल्डवेलच्याच भावांच्या शेतावर कामाला गेला. जेनिसनने त्याला तिथून ओढून आणून मारलं. त्यावर खटले उभे राहिले, आणि १७८३ मध्ये सरन्यायाधीश विल्यम कुशिंग यांनी ज्यूरीला सांगितलं की राज्याच्या १७८० च्या घटनेप्रमाणे सगळी माणसं जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, तिच्यात गुलामगिरी बसत नाही. त्या घटनेचा मसुदा कुणी लिहिला? जॉन अ‍ॅडम्सने, १७७९ च्या शरदात. घटना ठरवायला भरलेल्या अधिवेशनाने त्याचे शब्द थोडे बदलले, कल्पना तीच ठेवली. आणि लिहिला कुठे? वाटणीत मिळालेल्या त्या धाकट्या घरात. त्याच्या एका खोलीला बाहेरून दार पाडून जॉनने आपली वकिली तिथे थाटली होती.

भावांचं पुढे काय झालं ते थोडक्यात सांगतो. एलिह्यू मिलिशियाचा कप्तान झाला आणि १७७५ च्या ऑगस्टमध्ये, बॉस्टनला वेढा पडलेला असताना, छावणीतल्या हगवणीने मेला. पीटरने मूळ घर तेरा वर्षं सांभाळलं. मग १७७४ च्या फेब्रुवारीत जॉनने डायरीत नोंद केली की वडिलांचं घर, ज्यात मी जन्मलो ते, भावाकडून विकत घेतलं: घर, कोठार, पस्तीस एकर आणि उत्तरेच्या गायरानातलं अठरा एकर कुरण, मिळून ४४० पौंड. बापाने शिक्षणापायी वजा केलेली जमीन थोरल्याने त्याच शिक्षणाच्या कमाईतून परत मिळवली. पुढे तो तिथल्या दगडी कुंपणांविषयी आणि खताच्या ढिगांविषयी इतक्या आवडीने लिहितो की त्या गवत कापायच्या दिवशी पोरगं खरंच बोललं होतं असं वाटतं.

(व्याख्यानानंतर सभेतून एक प्रश्न आला: डीकनला मुलगी असती तर तिला काय मिळालं असतं?)

चांगला प्रश्न आहे. मृत्युपत्र नसतं तर कायद्याने तिला धाकट्या भावाइतका वाटा. मृत्युपत्र असतं तर बहुधा जमीन नाही. मुलीचा वाटा लग्नातच निघायचा आणि तो जंगम असायचा: गाय, पितळेची आणि पिवटरची, म्हणजे कथलाच्या मिश्रधातूची, भांडी, चादरी, आणि पिसांची गादी. गादीवर हसू नका. मालमत्तेच्या याद्यांत घरातली सर्वांत महाग वस्तू पुष्कळदा तीच असते. मृत्युपत्रात मग लिहिलेलं असतं, ‘तिला आधी दिलं आहे ते धरून’ अमुक पौंड, आणि ते भावाने दोन-तीन वर्षांत हप्त्याने द्यायचे. म्हणजे तिचं खातंही बापाने मांडलेलं असे, पण तिची रक्कम भावाच्या पिकावर अवलंबून. आणि लग्न झालं की हातात येईल ते नवऱ्याचं. लग्न झालेल्या बाईला स्वतःचं मृत्युपत्र करायचा अधिकार नव्हता. नवऱ्याने मान्य केलं तरच.

याच घरातलं उदाहरण देऊन थांबतो. जॉनची बायको अ‍ॅबिगेल हिने १८१६ च्या जानेवारीत, नवरा जिवंत असताना, स्वतःच्या हाताने मृत्युपत्र लिहिलं. काळ बदलला होता, राज्य बदललं होतं, पण विवाहित स्त्रीच्या बाबतीत कायदा तोच होता, आणि त्याच्या लेखी त्या कागदाला किंमत नव्हती. तिने कपडे, दागिने, रोकड, शेअर वाटले ते जवळजवळ सगळे बायकांना: नाती, भाच्या-पुतण्या, सुना, घरात काम करणाऱ्या दोघी. मुलग्यांना आपल्या माहेरची जमीन आधीच दिली आहे असं तिने सांगून ठेवलं. सासऱ्याची हिशोबाची रीत सुनेनेही उचलली म्हणायची. दोन वर्षांनी, १८१८ मध्ये ती गेली. जॉनने तो कागद कोर्टापुढे नेला नाही, मोडलाही नाही. तिने लिहिलं होतं तसं ज्याचं त्याला देववलं.